कॅप्टनला जानेवारीत सोडावे का? पेडण्यातील एका फुटबॉल क्लबचे प्रकरण

हे प्रकरण अभ्यासासाठी बांधलेले आहे. क्लब, खेळाडू आणि त्यांचे हिशेब कल्पित आहेत. नियम, दुखापतीचे शास्त्र आणि कोकणातली मैदाने मात्र खरी आहेत. आपल्या क्लबचे आकडे घालून कोणालाही हा हिशेब पुन्हा करता येईल.

मामला काय आहे

उत्तर गोव्यात, पेडणे तालुक्यातला एक निमव्यावसायिक क्लब राज्याच्या वरच्या विभागात खेळतो. नोंदवलेले खेळाडू २४, कोचचे वय ३१, फिजिओ आठवड्यातून तीन संध्याकाळी येतो आणि कमिटी नऊ जणांची. हंगामात २० सामने. जानेवारी उजाडली तेव्हा १० झाले होते, १० उरले होते, आणि संघ गुणतक्त्यात मधोमध होता. वर चढायची आशा थोडी, खाली घसरायची भीती त्याहून थोडी जास्त.

कॅप्टन ३४ वर्षांचा सेंटर बॅक, म्हणजे बचावफळीत मधोमध खेळणारा, आहे. मूळ शिरोड्याचा, सरावाला तेरेखोल नदी ओलांडून दुचाकीवरून येतो. क्लबात हा त्याचा अकरावा हंगाम. करार सप्टेंबर ते एप्रिल असा आठ महिन्यांचा, दरमहा ४५,००० रुपये. क्लबात एवढे कोणालाच मिळत नाहीत. १० सामन्यांपैकी तो ५ सामन्यांत सुरुवातीपासून उतरला आणि त्यातले २ पूर्ण खेळला. त्याआधीच्या तीन हंगामांत सुरुवातीच्या अकरात तो अनुक्रमे १७, १२ आणि ९ वेळा होता.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी एकदम टेबलावर आल्या. दक्षिण गोव्यातल्या खालच्या विभागातील एका क्लबाने त्याला हंगाम संपेपर्यंत लोनवर, म्हणजे उसना, मागितले आणि निम्मा पगार द्यायची तयारी दाखवली. त्याच सुमारास एका एजंटाने २३ वर्षांचा सेंटर बॅक सुचवला: दरमहा ३५,००० आणि राहण्याचे ८,०००. कमिटीत लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, ‘खेळत नाही त्याला पगार कशाला?’ दुसरा म्हणतो, ‘तो आमचो माणूस.’ दोन्ही वाक्ये खरी आहेत. दोन्हींनी निर्णय होत नाही.

‘ट्रेड’ हा शब्द आधी बाजूला ठेवा

मोबाइलवर अमेरिकी लीग पाहणारी नवी मंडळी कमिटीत आली की ‘ट्रेड करून टाकू’ असे सर्रास म्हणतात. अमेरिकी खेळांत दोन संघ खेळाडूंच्या करारांची अदलाबदल करतात आणि बहुतेकदा खेळाडूला न विचारता करू शकतात. फुटबॉलमध्ये तसे होत नाही. देणारा क्लब, घेणारा क्लब आणि खेळाडू, तिघांची सही लागते. कॅप्टनने ‘मी मडगावला जाणार नाही’ म्हटले की विषय तिथेच संपला.

उरतात चार वाटा: मोबदला घेऊन कायमचे हस्तांतर, लोन, परस्परसंमतीने करार संपवणे, किंवा ठेवून घेणे.

पहिली वाट इथे बंदच आहे, आणि तिचे कारण कमिटीतल्या प्रत्येकाला कळायला हवे. फिफाच्या नियमाप्रमाणे करार संपायला सहा महिने किंवा कमी उरले की व्यावसायिक खेळाडू दुसऱ्या क्लबाशी पुढचा करार करायला मोकळा असतो. त्याआधी युरोपीय न्यायालयाच्या १९९५च्या बोसमन निकालाने युरोपात एक गोष्ट पक्की केली होती: करार संपलेल्या खेळाडूसाठी जुन्या क्लबाला मोबदला मागता येत नाही. आपला करार एप्रिलअखेर संपतो. जो माणूस चार महिन्यांनी फुकट मिळणार आहे त्याला आज कोण पैसे मोजेल? त्यातून वय ३४. ‘विकून चार पैसे करू’ ही चर्चा ज्या बैठकीत अर्ध्या तासाहून जास्त चालते, तिथे कोणीतरी कराराची शेवटची तारीख वाचलेली नसते.

दुखापत झाली म्हणून करार एकतर्फी तोडणे हीही वाट नाही. दुखापत म्हणजे करार मोडण्याचे न्याय्य कारण नव्हे. तसे केले तर भरपाईचा दावा अंगावर येतो.

इथे एक काम सर्वांत आधी करायचे: क्लबाच्या फाइलीतला कागद काढून पाहायचा. निमव्यावसायिक क्लबांत खेळाडू कधी ‘व्यावसायिक’ म्हणून नोंदलेला असतो, कधी ‘हौशी’ म्हणून, आणि पैसे मात्र ‘मानधन’ या नावाने जातात. लेखी करार आणि खर्चाहून अधिक पैसे असतील तर तो व्यावसायिक. कागद आणि व्यवहार यांचा मेळ बसत नसेल तर जानेवारीत वाटाघाटीला बसण्याआधी तो बसवून घ्यावा.

शिवाय मोजणीचा एक नियम आहे. एका हंगामात खेळाडूची नोंदणी जास्तीत जास्त तीन क्लबांत होऊ शकते आणि अधिकृत सामने तो दोनच क्लबांकडून खेळू शकतो. कॅप्टन आपल्याकडून खेळून झाला. लोनवर जाऊन तिथे एक सामना खेळला की दोन्ही घरे भरली. नंतर तो आपल्याकडे परत येऊ शकतो, पण तिसरीकडे खेळू शकत नाही.

उजवा पाय

दुखापतींची यादी अशी. २९व्या वर्षी डाव्या गुडघ्यातल्या आतील मेनिस्कसचा (कूर्चेच्या गादीचा) फाटलेला तुकडा काढला. दोन हंगामांपूर्वी नोव्हेंबरात उजवी हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू), चार आठवडे. परतल्यावर पाचव्या आठवड्यात पुन्हा तीच, तीही गावच्या सेव्हन-ए-साइड (सात-सात जणांच्या) स्पर्धेत. मागच्या हंगामात फेब्रुवारीत डावी पोटरी, तीन आठवडे. यंदा ऑक्टोबरात, तिसऱ्या सामन्याच्या ३८व्या मिनिटाला पुन्हा उजवी हॅमस्ट्रिंग, सात आठवडे.

‘वय झाले’ म्हणून ही यादी मिटवणे सोपे आहे. पण तारखा पाहा: नोव्हेंबर, ऑक्टोबर. पावसाळा संपून फार तर महिना-दीड महिना झालेला.

कोकणातल्या हंगामपूर्व सरावाची गोम इथेच आहे. जून ते सप्टेंबर मैदान चिखलाचे. चिखलात खेळाडू घाम खूप गाळतो, पण पूर्ण वेगाने धावतच नाही. पाय रुतला की वेग मरतो. मैदान मिळाले नाही तर संघ समुद्रकाठी जातो, आरंबोल किंवा मोरजीच्या वाळूत. मऊ वाळूत पोटरी भरून येते, दम वाढतो, वेग मात्र तिथेही नाही. ओल्या घट्ट वाळूवर थोडा वेग मिळतो, पण ती पाण्याकडे उतरती असते. एकाच दिशेने धावले की एक पाय सतत खालच्या अंगाला. चार महिने असे गेल्यावर ऑक्टोबरचे ऊन पडते, जांभ्याची तांबडी माती आठवड्याभरात दगडासारखी होते आणि खेळाडू एकदम ३०-४० मीटरचे स्प्रिंट मारू लागतो. हॅमस्ट्रिंगवर सर्वाधिक ताण येतो तो पूर्ण वेगात, पाऊल टेकण्याच्या आधीच्या क्षणी, स्नायू लांब होत असताना. चार महिने ज्या ताणाची सवयच दिली नाही, तो आठवड्यात तीनदा. विशीतला खेळाडू हे निभावून नेतो. आधी फाटलेला स्नायू नेत नाही.

युरोपातील अव्वल क्लबांवर २००१ पासून चाललेल्या युएफाच्या (युरोपीय फुटबॉल संघटनेच्या) दुखापत-अभ्यासात २०२१-२२पर्यंत हॅमस्ट्रिंगचा एकूण दुखापतींतला वाटा १२ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेला. त्यातल्या १८ टक्के दुखापती जुन्याच जागी पुन्हा झालेल्या होत्या, आणि अशा पुन्हा झालेल्या दुखापतींपैकी ६९ टक्के परतल्यापासून पहिल्या दोन महिन्यांत झाल्या. या प्रकरणात सर्वांत कामाचा आकडा हा शेवटचा. कॅप्टन १ डिसेंबरच्या सुमारास सामन्यासाठी तंदुरुस्त ठरला. म्हणजे जानेवारीअखेरपर्यंत तो नेमका धोक्याच्या पट्ट्यात आहे. आणि त्याला लोनवर पाठवायचा विचार नेमका याच जानेवारीत चालला आहे.

फिजिओने केलेली साधी चाचणी अशी: पाठीवर झोपून एक टाच साधारण ६० सेंटिमीटर उंच बाकावर ठेवायची, गुडघा किंचित वाकलेला, आणि त्या एका पायावर कंबर उचलायची. न थांबता किती वेळा? डावा पाय २६, उजवा १७. विसाच्या आत म्हणजे स्नायू कमजोर, आणि दोन पायांत एवढी तफावत म्हणजे परतण्याची घाई झालेली आहे. दुखत नाही हा तयार असण्याचा पुरावा धरला गेला. दुखणे थांबते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. ताकद परत यायला त्याहून बराच वेळ लागतो. एमआरआयमध्ये स्नायूच्या आतला कंडरा फाटलेला दिसला तर आणखी जास्त. म्हणून ‘कुठे फाटले आहे’ हा प्रश्न डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारावा. ‘ग्रेड टू आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये.

गोलांचा तक्ता

कॅप्टनच्या बाजूचे लोक बैठकीत एक कागद फिरवतात: तो असताना ५ सामन्यांत ४ गोल खाल्ले, नसताना ५ सामन्यांत ९. कागद बोलका आहे, पण अर्धेच सांगतो. तो नसलेल्या पाचांपैकी दोन सामने गुणतक्त्यात सर्वांत वर असलेल्या संघांशी होते आणि एक २०व्या मिनिटापासून दहा जणांनी खेळलेला. नऊपैकी आठ गोल या तिघांत झाले. उरलेल्या दोन सामन्यांत मिळून एक. पाच-पाच सामन्यांच्या तुकड्यांतून कोणाचीही किंमत ठरवू नये. नाणे दहा वेळा उडवून ते खोटे आहे म्हणण्यातला प्रकार तो.

त्यापेक्षा गोल कसे झाले ते पाहा. तो असताना खाल्लेल्या चारांपैकी तीन एकाच साच्यातले: बचावफळी मध्यरेषेजवळ, मागे लांब चेंडू, आणि कॅप्टन आपल्याच गोलाकडे तोंड करून विंगरच्या (कडेने धावणाऱ्या आक्रमकाच्या) मागे धावतोय. तरुण कोचला वर चढलेली बचावफळी आवडते. आवड वाईट नाही, माणूस चुकीचा आहे. ज्याचा वेग गेला आणि डोके शाबूत आहे अशा सेंटर बॅकला ३५ मीटर मागे धावायला लावणे म्हणजे त्याचे भांडवल कुलपात ठेवून त्याच्या उधारीवर धंदा करणे. त्याची हॅमस्ट्रिंगही तशाच एका धावेत गेली होती, ही योगायोगाची गोष्ट नाही.

युरोपातले एक उदाहरण इथे उपयोगी पडते. २०११च्या उन्हाळ्यात एसी मिलानने ३२ वर्षांच्या आंद्रेआ पिर्लोला फुकट जाऊ दिले. आधीच्या हंगामात तो दुखापतींनी बराच काळ बाहेर होता, आणि तिशी ओलांडलेल्यांना एकाच वर्षाचा करार द्यायचा असा त्या क्लबाचा शिरस्ता होता. युव्हेंटसने तीन वर्षे दिली आणि पुढची सलग चार इटालियन विजेतेपदे त्याच्यासह जिंकली. हे उदाहरण ‘म्हातारे सोने’ म्हणून सांगितले जाते, पण त्यातली मेख वेगळी आहे. मिलानमध्ये शेवटी त्याला मधल्या फळीत डावीकडे खेळवले जात होते. युव्हेंटसने त्याला बचावासमोर मधोमध उभे केले आणि धावायला शेजारी तरुण दिले. शरीर तेच होते, काम बदलले. आपला कॅप्टन पिर्लो नाही. सुनील छेत्री चाळिशीत राष्ट्रीय संघात परतला, हेही कमिटीत कोणीतरी म्हणतेच. छेत्रीचे शरीर छेत्रीचे, आणि त्याची काळजी घेणारा ताफा रोज असतो. आपला फिजिओ सोमवार, बुधवार, शुक्रवार असतो.

पैशाचा हिशेब, आणि त्यातली नेहमीची चूक

उरलेले चार महिने, दरमहा ४५,००० म्हणजे १,८०,०००. खजिनदाराने मांडणी केली: कॅप्टन उरलेल्या १० सामन्यांत फार तर ४५० मिनिटे देईल, म्हणजे मिनिटाला ४०० रुपये. नवा मुलगा चार महिन्यांना १,७२,००० (पगार १,४०,००० अधिक राहणे ३२,०००), तो ९०० पैकी ७२० मिनिटे खेळला तरी मिनिटाला २३९ रुपये. चला, लोन करून टाकू.

चूक अशी की १,८०,००० हे वाचवता येणारे पैसे नाहीत. लोनवाला क्लब निम्मेच देणार. ९०,००० आपल्या खिशातून जाणारच आहेत, तो इथे असो की मडगावला. निर्णयाने बदलणारी रक्कम फक्त उरलेली ९०,०००. त्या हिशेबाने कॅप्टनची ४५० मिनिटे मिनिटाला २०० रुपयांना पडतात, नव्या मुलापेक्षा स्वस्त. आणि नवा मुलगा आणला तर क्लबाचा एकूण खर्च ८२,००० रुपयांनी वाढतो. वाचवण्यासाठी निघालेली कमिटी वाढवून परतते.

बरोबरीचा बिंदूही काढता येतो: ९०,००० भागिले २३९, म्हणजे साधारण ३७५ मिनिटे. कॅप्टनने तेवढी दिली तर ठेवणे स्वस्त, त्याखाली गेला तर महाग. आता दुखापत पुन्हा झाली तर तो कदाचित १०० मिनिटांवर थांबेल. पुनरावृत्तीची शक्यता पाचात एक असेपर्यंत सरासरी ३७५च्या वर राहते. तीनात एक झाली की ३३३वर येते. उजव्या पायावर तीन जखमा आणि बाकावर १७ हा आकडा असताना ती पाचात एक आहे असे आम्ही म्हणणार नाही. म्हणजे निव्वळ मिनिटांच्या हिशेबाने हे प्रकरण काठावर आहे. हिशेब काठावर असताना त्याच्या नावाने छातीठोक बोलणाऱ्या दोन्ही तटांपासून सावध राहावे.

काठावरून तोल जातो तो दुसऱ्या दोन गोष्टींनी. नव्या सेंटर बॅकची ७२० मिनिटे पहिल्या दिवसापासूनची धरली आहेत. प्रत्यक्षात नोंदणी, प्रवास, गोलरक्षकाशी आणि फुल बॅकशी (कडेच्या बचावपटूशी) जुळणे यात पहिले तीन सामने चाचपडण्यात जातात, आणि सामने दहाच आहेत. दुसरे म्हणजे कॅप्टनचा धोका कमी करणे आपल्या हातात आहे. हिशेबातला तो ‘तीनात एक’ दगडावरची रेघ नाही.

लोनला नकार

खालच्या विभागातला क्लब मोठ्या नावाच्या सेंटर बॅकला निम्मा पगार देतो तो प्रत्येक सामन्यात ९० मिनिटे खेळवण्यासाठीच. त्यांच्याकडून दुसरी अपेक्षा धरणे भाबडेपणा आहे. परतल्यापासूनच्या दुसऱ्या महिन्यात, कडक मैदानावर, रोजचा फिजिओ नसताना पूर्ण सामने खेळला तर तो तिथे मोडेल, आणि मोडलेला खेळाडू अर्ध्या पगारासह आपल्याच दारात येईल. लोनच्या कागदात मिनिटांची मर्यादा लिहून घेता येईल असे कोणी सुचवेल. लिहून घेता येते. रविवारी दुपारी ७०व्या मिनिटाला १-० असताना ती पाळली जात नाही.

परस्परसंमतीने करार संपवणे हा पर्याय लोनपेक्षा प्रामाणिक आहे. पण १,८०,०००ची तडजोड समजा १,१०,०००वर झाली, तर वाचतात ७०,००० आणि बदली आणायला लागतात १,७२,०००. कॅप्टन स्वतः थांबायचे म्हणत असेल तरच या वाटेने जावे.

आमचा कौल असा: ठेवावा, नवा सेंटर बॅक घेऊ नये, उरलेली ४५० मिनिटे २० वर्षांखालील संघातल्या १९ वर्षांच्या मुलाला द्यावीत, आणि कॅप्टनला आजच सांगावे की या अटींवरचा करार पुढच्या हंगामात नाही.

४५० मिनिटे कशी खर्चायची

जानेवारीत तीन सामने आहेत. पहिल्यात ४५ मिनिटे (बाकावरच्या चाचणीत उजवा पाय तोवर आजच्या १७वरून निदान २०वर आला तरच), दुसऱ्यात विश्रांती, तिसऱ्यात पुन्हा ४५. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सात सामन्यांपैकी पाचांत प्रत्येकी सरासरी ७२ मिनिटे. जे दोन सोडायचे त्यातला एक चार दिवसांत दोन सामने येतात तिथला. दुसरा म्हापशाला धुळेर स्टेडियमच्या कृत्रिम हिरवळीवरचा, डाव्या गुडघ्याकडे पाहून.

जानेवारीतले बदल हाफ टाइमलाच का? स्पर्धेच्या नियमांत पाच बदल्यांची मुभा असेल तर त्या खेळ थांबवून तीनच वेळा करता येतात. हाफ टाइमची वेळ त्यात मोजत नाहीत. ६०व्या मिनिटाला कॅप्टनला काढले तर तीनपैकी एक संधी त्याच्यावर गेली. हाफ टाइमला काढले तर बदली एक गेली, संधी तीनही शिल्लक. तीन बदल्यांच्या जमान्यात अर्धा सामना खेळणारा सेंटर बॅक चैन होती. पाचांच्या जमान्यात परवडतो.

बदल कधी होणार हे शुक्रवारीच ठरवून फळ्यावर लिहावे. कारण अडचण मैदानावरची नाही, नात्याची आहे. कोच कॅप्टनपेक्षा तीन वर्षांनी लहान आणि मैदानाबाहेर त्याला ‘दादा’ म्हणतो. दादाने हाताने ‘अजून पाच मिनिटे’ अशी खूण केली की कोचचा बोर्ड खाली जातो. आधी लिहिलेले असले की त्याला वाद घालावा लागत नाही.

बचावफळी दहा मीटर मागे घ्यावी. पाठीमागची मोकळी जागा घटली की लांब धावा घटतात आणि चेंडू कुठे पडणार हे आधी ओळखणे, म्हणजे कॅप्टनला जे येते ते, उपयोगी पडते. यासाठी मधल्या फळीलाही मागे सरकावे लागेल, नाहीतर मध्ये मोठी पोकळी पडते आणि पहिल्या झटापटीतून निसटलेले सगळे चेंडू समोरच्यांचे. कोच यावर कुरकुरेल. तीन सेंटर बॅकची रचना करून कॅप्टनला मधे ठेवणे अधिक चांगले, पण हंगामाच्या मध्यात ती शिकवायला वेळ नाही.

सामना रविवारी असतो असे धरून आठवडा असा. सोमवारी विश्रांती. मंगळवारी जिम: नॉर्डिक (गुडघ्यांवर बसून, घोटे पकडून ठेवून, शरीर सावकाश पुढे सोडणे) ५ चे २ सेट, एका पायावरचे डेडलिफ्ट प्रत्येक पायाला ६ चे ३ सेट, टाच उचलणे १२ चे ३ सेट. नॉर्डिक नियमित करणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती सुमारे निम्म्यावर येतात हे अनेक अभ्यास एकत्र करून दिसलेले आहे. करत नाहीत याचे कारण फक्त कंटाळा आणि दुसऱ्या दिवशीचे ठणकणे. म्हणूनच ते मंगळवारी, सामन्याच्या दोन दिवस आधी कधीही नाही. बुधवारी सराव, पण छोट्या मैदानावरच्या खेळात निम्माच वेळ, आणि फिजिओकडे बाकावरची चाचणी. गुरुवारी ३० मीटरचे ४ ते ६ स्प्रिंट, शेवटचे १० मीटर कमाल वेगाच्या ९० ते ९५ टक्क्यांनी, मधे पूर्ण दोन-तीन मिनिटे थांबून. दुखापतग्रस्ताला जपायचे म्हणून वेगवान धावांपासून दूर ठेवणे ही सर्वांत महागात पडणारी दया. मग तो रविवारी सामन्यातच पहिला स्प्रिंट मारतो. शुक्रवारी हलका सराव. वाळू या महिन्यांत नको. कमरेइतक्या पाण्यात सोमवारी चालायचे असेल तर खुशाल.

बुधवारच्या चाचणीत उजवा पाय २२च्या खाली असेल तर त्या रविवारी ४५ हीच कमाल. २०च्या खाली असेल तर बेंचही नाही. हा आकडा कॅप्टनला, कोचला आणि अध्यक्षांना माहीत असावा. चौथ्याला सांगण्याची गरज नाही.

राहिली गावची स्पर्धा. कापणी झालेल्या शेतात, मेरा (बांध) फोडून सपाट केलेल्या मळ्यात, रोख बक्षिसाच्या सेव्हन-ए-साइड स्पर्धा जानेवारीपासून रंगतात. करारात ‘बाहेर खेळणार नाही’ असे कलम घालून ती थांबत नाहीत, मोबाइलवरचे व्हिडिओ मात्र सोमवारी कमिटीला दिसतात. त्याच्या स्वतःच्या गावची एक स्पर्धा लेखी परवानगीने सोडावी आणि तिथे त्याने गोलमध्ये उभे राहावे. गोलरक्षकाचीही मांडी धरते, पण ३० मीटर धावण्याइतकी नाही.

पुढचा कागद

पुढच्या हंगामासाठी प्रस्ताव: ठरावीक २५,००० दरमहा (आठ महिने, २,००,०००), निवड झालेल्या प्रत्येक सामन्याला २,५०० (१० सामने धरून २५,०००) आणि १७ वर्षांखालील मुलांच्या सरावाचे दरमहा ६,००० (४८,०००). एकूण २,७३,०००, आजच्या ३,६०,०००पेक्षा ८७,०००नी कमी. सोबत एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या) डी प्रशिक्षक परवान्याची फी क्लबाने भरावी. मुलांना शिकवता येते की नाही हे तिथे लवकर कळते. सगळ्या जुन्या खेळाडूंना येतेच असे नाही.

सामन्याची रक्कम ‘खेळल्यास’ नसून ‘निवड झाल्यास’ आहे, हा शब्द जपून ठेवला आहे. मैदानात उतरल्यावरच पैसे अशी अट घातली की ३४ वर्षांचा माणूस दुखणे लपवतो. ऑक्टोबरात त्याने दोन दिवस आधीची ओढ फिजिओला सांगितली नव्हती. करारानेच त्याला गप्प बसायला पैसे देऊ नयेत.

हे बोलणे अध्यक्ष आणि कोच दोघांनी मिळून, समोर बसून, जानेवारीतच करावे. मार्चमध्ये व्हॉट्सॲपवर नको. जानेवारीत सांगितले तर त्याला दुसरीकडे पाहायला वेळ मिळतो, आणि तो हक्क नियमानेही त्याचा आहे. सांगितल्यावर त्याचा खेळ उतरेल ही भीती बोलून दाखवली जाते. अकरा वर्षे ज्याला ओळखता त्याच्याबद्दल ती भीती खरी वाटत असेल तर त्याच्या दंडावरचा कॅप्टनचा पट्टा आधीच काढायला हवा होता.

खजिनदाराचे म्हणणे

खजिनदाराचा आक्षेप बाजूला सारण्यासारखा नाही. त्याचे म्हणणे: १९ वर्षांच्या मुलाला ४५० मिनिटे देणे हाच खरा जुगार आहे, कॅप्टन नव्हे, तो मुलगा दोन सामने हरवून गेला तर एप्रिलमध्ये खालच्या विभागात जायचा खर्च ८२,०००च्या कितीतरी पट असेल. हे बरोबर आहे. यावर उपाय म्हणून जानेवारीतल्या दुसऱ्या सामन्याकडे, म्हणजे कॅप्टनच्या विश्रांतीच्या सामन्याकडे बोट दाखवता येते. तो नोंदणीची मुदत संपण्याच्या आत येतो का, हे आधी तपासून घ्यावे. येत नसेल तर पहिल्या सामन्याशी अदलाबदल करावी. मुलगा ९० मिनिटे एकट्याच्या भरवशावर उभा राहिलेला त्या सामन्यात दिसेल. हवेतले चेंडू, फुल बॅकला दिलेल्या हाका आणि ८०व्या मिनिटानंतरच्या चुका एवढ्या तीनच गोष्टी कोणीतरी वहीत मोजाव्यात. नाहीच जमले तर एजंटाचा २३ वर्षांचा सेंटर बॅक तेव्हाही बाजारात असेल, आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ३५,०००चे २८,००० झालेले असण्याची शक्यता बरीच. करारात मेडिकलची अट घालता येत नाही, म्हणून त्याचा एमआरआय मात्र सहीच्या आधी.